वाचकांचे प्रश्न : जज फ्रँक जॉन्सन यांची खुर्ची आणि त्यांचे हुकूम

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरच्या लेखात अलाबामाचे फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाचे, न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन (1918–1999) यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : अमेरिकेत फेडरल न्यायाधीश व्हायला परीक्षा असते का? जॉन्सन इतक्या लहान वयात तिथे कसे पोचले? (लातूर)

परीक्षा नसते. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीशापासून जिल्हा न्यायाधीशापर्यंत परीक्षा आहेत, उच्च न्यायालयासाठी कॉलेजियम आहे. तिथे यातलं काहीच नाही. वयाची, कायद्याच्या पदवीची किंवा अमुक वर्षांच्या वकिलीची अटही राज्यघटनेत नाही.

जागा रिकामी झाली की त्या राज्याचे सिनेटर किंवा राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाची तिथली वजनदार मंडळी नावं सुचवतात. एफबीआय पार्श्वभूमी तपासते. राष्ट्राध्यक्ष नाव सिनेटकडे पाठवतात, सिनेटची न्यायविषयक समिती सुनावणी घेते आणि मग सभागृहात साध्या बहुमताने मतदान होतं. गाडी अडते ती बहुधा समितीत. आपल्याच राज्याच्या सिनेटरने नापसंती कळवली तर नाव महिनोन् महिने तसंच पडून राहतं.

जॉन्सन यांच्या बाबतीत जन्मगावाने हात दिला. ते अलाबामाच्या उत्तरेकडच्या विन्स्टन काउंटीचे. 1861 मध्ये अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा या डोंगराळ काउंटीने त्याला विरोध केला होता, आणि पुढे सगळं दक्षिण डेमोक्रॅटिक असताना ही काउंटी रिपब्लिकन राहिली. जॉन्सन दुसऱ्या महायुद्धात पायदळात होते, नॉर्मंडीच्या मोहिमेत जखमी झाले. परत येऊन वकिली केली आणि 1953 मध्ये उत्तर अलाबामाचे केंद्र सरकारचे वकील झाले. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना अलाबामात रिपब्लिकन आणि लायक असा माणूस हवा होता. तसे मुळात थोडेच होते. ऑक्टोबरात, सिनेटचं अधिवेशन चालू नसताना, राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. तेव्हा ते 36 वर्षांचे होते. सिनेटची मंजुरी जानेवारी 1956 च्या अखेरीस आली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रश्न : राज्याचा न्यायाधीश आणि फेडरल न्यायाधीश यांच्यात मोठा कोण? (फोंडा, गोवा)

आपल्यासारखी एकच उतरंड तिथे नाही, म्हणून हा घोळ होतो. भारतात तालुक्याच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच शिडी आहे. अमेरिकेत शेजारी शेजारी दोन शिड्या उभ्या आहेत. राज्यांची न्यायालयं वेगळी, आणि अलाबामासह बऱ्याच राज्यांत त्यांचे न्यायाधीश मतपेटीतून निवडून येतात. फेडरल न्यायालयं वेगळी. त्यात 94 जिल्हे, वर 13 अपील न्यायालयं आणि सर्वांत वर नऊ जणांचं सर्वोच्च न्यायालय. राज्यघटनेचा किंवा केंद्राच्या कायद्याचा प्रश्न आला की फेडरल हुकूम राज्याला बंधनकारक ठरतो.

याची चव जॉर्ज वॉलेस यांनी 1959 च्या जानेवारीत घेतली. वॉलेस आणि जॉन्सन हे अलाबामा विद्यापीठाच्या लॉ कॉलेजातले सोबती. वॉलेस तेव्हा राज्याचे सर्किट जज होते. केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दप्तरं मागितली, ती त्यांनी अडवून धरली. जॉन्सन यांनी ती द्यायचा हुकूम केला आणि न दिल्यास अवमानाची कारवाई होईल हेही सांगून ठेवलं. वॉलेस यांनी दप्तरं थेट आयोगाला दिली नाहीत, स्थानिक ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हाती ठेवली आणि तिथून ती आयोगाला मिळतील अशी सोय केली. बाहेर मात्र आपण केंद्रापुढे झुकलो नाही असं सांगत फिरले. जॉन्सन यांनी निकालात ही आडवाट नीट नोंदवली, दप्तरं मिळाली म्हणजे हुकूम पाळला गेला असं म्हटलं आणि अवमानाचा खटला काढून टाकला. वॉलेस यांना हौतात्म्य हवं होतं, ते मिळालं नाही. त्यांच्या भाषणांत शिव्या मात्र वाढल्या. 1962 मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले.

प्रश्न : मॉन्टगोमेरीच्या बसचा खटला रोझा पार्क्स यांच्या नावावर का नाही? (सातारा)

बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना 1 डिसेंबर 1955 रोजी अटक झाली. त्यांच्यावरचा खटला फौजदारी होता आणि राज्याच्या न्यायालयात होता. ते अपील वरपर्यंत जायला किती काळ लागेल याचा भरवसा नव्हता, आणि राज्याने तो तांत्रिक मुद्द्यावर निकाली काढला असता तर मूळ प्रश्न तसाच राहिला असता. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी वेगळी वाट धरली. बसमध्ये अपमान सोसलेल्या दुसऱ्या स्त्रियांच्या वतीने त्यांनी 1 फेब्रुवारी 1956 रोजी फेडरल न्यायालयात दिवाणी दावा लावला. जॉन्सन यांच्या नेमणुकीवर सिनेटची मोहोर उठून जेमतेम दिवस झाला होता.

सुनावणीपर्यंत चार वादी राहिल्या: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. कॉल्व्हिन यांना रोझा पार्क्स यांच्याही नऊ महिने आधी, वयाच्या 15 व्या वर्षी अटक झाली होती. दाव्याला नाव मिळालं ते ब्राउडर यांचं.

राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा असेल तर त्या काळी एकट्या जिल्हा न्यायाधीशाला ते करता येत नसे. तीन न्यायाधीशांचं खंडपीठ बसवावं लागे, त्यात निदान एक अपील न्यायालयाचा. त्याचा फायदा असा की अशा निकालावरचं अपील मधली पायरी गाळून सरळ सर्वोच्च न्यायालयात जाई. इथे अपील न्यायालयाचे रिचर्ड राइव्हज, बर्मिंगहॅमचे सीबॉर्न लिन आणि जॉन्सन बसले. बंद खोलीतल्या विचारविनिमयात सर्वांत नव्या न्यायाधीशाने आधी बोलायचं, म्हणजे ज्येष्ठांच्या मताचं दडपण येत नाही. जॉन्सन आधी बोलले आणि त्यांनी फार वेळ घेतला नाही.

अडचण खरी होती. 1954 च्या निकालाने फक्त शाळांतला वंशभेद मोडला होता. प्रवासातला वंशभेद चालेल असं सांगणारा 1896 चा निकाल कागदावर शाबूतच होता. लिन म्हणाले, तो सर्वोच्च न्यायालयाने स्वतः उठवेपर्यंत आपण बांधलेले आहोत. राइव्हज आणि जॉन्सन यांचं म्हणणं असं की त्याचा पायाच आता उरलेला नाही. 5 जूनला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि 21 डिसेंबरला मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये कुणीही कुठेही बसू लागलं. बसवर बहिष्कार टाकून 381 दिवस पायी चाललेल्या लोकांमुळे हा प्रश्न देशापुढे आला. वंशभेदाचा कायदा मात्र या दाव्याने मोडला. दोन्ही गोष्टी लागल्या, एकीचं श्रेय दुसरीला देऊ नये.

प्रश्न : मतदार नोंदणीत नेमकी लबाडी काय चाले? (नागपूर)

मेकन काउंटीचं उदाहरण घ्या. टस्कीगी इथल्या शिक्षणसंस्थेमुळे शिकलेले कृष्णवर्णीय तिथे भरपूर, अगदी प्राध्यापकसुद्धा. तरी नोंदणीत नापास. कृष्णवर्णीय अर्जदाराला राज्यघटनेचं दुसरं कलम हाताने उतरवून काढायला बसवत. राष्ट्राध्यक्षपदाविषयीचं हे कलम हजाराहून जास्त शब्दांचं. गोऱ्या अर्जदाराला बहुधा छोटा तुकडा देत, आणि अर्ज भरताना चूक झाली तर कारकून शेजारी बसून ती दुरुस्त करून देई. नोंदणीची कचेरी कमी दिवस उघडायची, हा आणखी एक उपाय.

जॉन्सन यांनी भाषणं ऐकली नाहीत, अर्जांचे गठ्ठे मागवले आणि गोऱ्यांचे मंजूर अर्ज कृष्णवर्णीयांच्या नामंजूर अर्जांशेजारी ठेवून तपासले. मार्च 1961 मध्ये त्यांनी 64 जणांची नोंदणी तत्काळ करायला लावली. पुढच्या खटल्यांत त्यांनी एक साधी कसोटी बसवली: आजवर मंजूर झालेल्या सर्वांत कच्च्या गोऱ्या अर्जदाराला जो मापदंड लावला, तोच सगळ्यांना लावायचा. नवी, कडक आणि वरवर समान दिसणारी परीक्षा चालणार नाही, कारण जुन्या यादीतला अन्याय तिने तसाच गोठून राहील.

प्रश्न : सेल्माच्या मोर्चाला न्यायालयाची परवानगी का लागली? आणि न्यायाधीश मोर्चाला परवानगी देतो म्हणजे काय करतो? (पुणे)

मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून राज्याच्या राजधानीत, मॉन्टगोमेरीला जाणाऱ्या या मोर्चाला बंदी गव्हर्नर वॉलेस यांची होती. 7 मार्च 1965 रोजी एडमंड पेटस पुलावर राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरून मोर्चा फोडला. दुसऱ्या दिवशी आंदोलकांचे वकील जॉन्सन यांच्याकडे गेले. त्यांनी लगेच परवानगी दिली नाही. उलट सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढू नये असा तात्पुरता मनाई हुकूम काढला. 9 मार्चला मार्टिन ल्यूथर किंग पुलापर्यंत गेले आणि मागे फिरले ते यामुळे. पुढे साक्षीच्या वेळी जॉन्सन यांनी किंगना याबद्दलही खोदून विचारलं. हुकूम कुणाच्या बाजूचा आहे यावर तो पाळायचा की नाही हे ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. आम्हाला ती योग्य वाटते, जरी त्या आठवड्यात ती अनेकांना झोंबली.

सुनावणी काही दिवस चालली. पुलावरच्या मारहाणीची फिल्म न्यायालयात दाखवली गेली. जॉन्सन यांनी आंदोलकांकडून मोर्चाचा लेखी आराखडा मागितला: रोज किती मैल, मुक्काम कुठे, जेवण कोण आणणार, शौचालयाची सोय काय, आजाऱ्यांना कोण नेणार. सेल्मा ते मॉन्टगोमेरी सुमारे 54 मैल, हायवे 80 वरून. चार पदरी रस्त्यावर कितीही लोक चालतील, पण जिथे रस्ता दोन पदरी होतो तिथे 300 पेक्षा जास्त नाही. 17 मार्चच्या हुकुमात हा आराखडा मंजूर झाला.

एरवी एवढा लांब हायवे पाच दिवस अडवायला कोणतंही न्यायालय मान्यता देणार नाही. जॉन्सन यांनी मांडलेला विचार असा की निदर्शनाचा हक्क किती, हे ज्या अन्यायाविरुद्ध ते आहे त्याच्या आकारमानावरून ठरेल, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे 15,000 कृष्णवर्णीय होते आणि यादीत नावं होती काहीशेच. या विचारावर कायदेपंडितांनी टीकाही केली: उद्या दुसरा न्यायाधीश अन्यायाचं माप वेगळं धरेल, मग काय? आक्षेप पोकळ नाही.

जॉन्सन यांनी निकाल देण्याआधी, हुकूम झाला तर तो राबवला जाईल ना, याची केंद्र सरकारकडून खात्री करून घेतली. न्यायाधीशाच्या हाती पोलीस नसतात. वॉलेस यांनी संरक्षणाचा खर्च झेपणार नाही असं म्हणत हात वर केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अलाबामाचं नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतलं. 21 मार्चला मोर्चा निघाला, 25 ला मॉन्टगोमेरीत पोचला, आणि 6 ऑगस्टला मताधिकार कायद्यावर सही झाली.

प्रश्न : राज्याच्या ज्युरीने सोडलेल्या आरोपीला फेडरल न्यायालयाने शिक्षा कशी दिली? एका गुन्ह्याला दोन खटले? (ठाणे)

मोर्चा संपला त्या रात्री व्हायोला लिउझो या स्वयंसेविकेला क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी गाडीतून गोळ्या घालून मारलं. राज्याच्या न्यायालयात खुनाचा खटला आधी ज्युरीत एकमत न झाल्याने फसला, मग निर्दोष सुटका झाली. केंद्राने खुनाचा खटला भरलाच नाही. 1870 च्या कायद्याखाली, नागरिकांचे हक्क हिरावून घेण्याच्या कटाचा भरला. गुन्हा वेगळा, आणि राज्य व केंद्र ही दोन वेगळी सार्वभौम सत्ताकेंद्रं मानली जातात, त्यामुळे दुहेरी खटल्याची बंदी आड येत नाही.

डिसेंबर 1965 मध्ये जॉन्सन यांच्यापुढे बारा गोऱ्या पुरुषांची ज्युरी होती. एकमत होत नाही असं त्यांनी कळवल्यावर जॉन्सन यांनी त्यांना परत खोलीत पाठवलं: आपलं मत सोडू नका, पण समोरच्याचं नीट ऐका. वकिलांच्या बोलीत या सूचनेला ‘डायनामाइट’ म्हणतात, कारण अडकलेली ज्युरी तिने फुटते. अल्पमतातल्या ज्युररवर दडपण येतं म्हणून काही राज्यांनी ती बंद केली आहे. इथे तिन्ही आरोपी दोषी ठरले आणि जॉन्सन यांनी कायद्यातली कमाल, 10 वर्षांची शिक्षा दिली. मुंबईकरांना नानावटी खटल्यातली ज्युरी आठवत असेल. भारतातून ती पद्धत गेली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र नागरिकत्व मिळाल्यावर ज्युरीचं समन्स येऊ शकतं, आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

प्रश्न : मनोरुग्णालयांच्या खटल्यात जॉन्सन यांनी शौचालयांची संख्यासुद्धा ठरवून दिली म्हणे. न्यायाधीशाचं हे काम आहे का? (मिरज)

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

1970 मध्ये अलाबामात सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं. तो पैसा मानसिक आरोग्य खात्याचा. टस्कलूसाच्या ब्राइस रुग्णालयातून 99 कर्मचारी काढले गेले. रुग्ण सुमारे 5,000. त्यातले दीड हजारांहून जास्त निव्वळ म्हातारे आणि सुमारे हजार मतिमंद, म्हणजे मानसोपचाराची ज्यांना गरजच नव्हती असे. दाव्याला नाव मिळालं रिकी वायट या मुलाचं. नोकऱ्या गेल्याचा मुद्दा जॉन्सन यांनी बाजूला ठेवला, तो राज्याचा कारभार. पण 12 मार्च 1971 च्या निकालात त्यांनी सांगितलं की उपचारासाठी म्हणून माणसाला इच्छेविरुद्ध कोंडायचं आणि उपचार द्यायचे नाहीत, हे घटनेत बसत नाही. राज्याला सहा महिने दिले. काही झालं नाही.

इथे बहुतेक हुकूम मरतात. ‘पुरेसे उपचार द्या’ असं लिहिलं की खातं म्हणतं दिले, वादी म्हणतो नाही दिले, आणि मोजायला काहीच नसतं. म्हणून जॉन्सन यांनी तज्ज्ञांना बोलावलं, दोन्ही बाजूंना बऱ्याच मुद्द्यांवर सहमत करून घेतलं आणि 13 एप्रिल 1972 रोजी हुकुमाला मापांची पुरवणी जोडली. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, प्रत्येकाला निदान 80 चौरस फूट. एकट्याची खोली असेल तर 100. आठ जणांमागे एक शौचालय, पंधरा जणांमागे एक न्हाणी. खोलीचं तापमान 68 ते 83 अंश फॅरनहाइट, नळाचं गरम पाणी 110 अंश. 250 रुग्णांमागे दोन मानसोपचारतज्ज्ञ, चार डॉक्टर, बारा नोंदणीकृत परिचारिका. प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र उपचार आराखडा. आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

हे कारभार हाती घेणं झालं, असा आक्षेप तेव्हाही होता. आमचं मत असं की ज्या प्रशासनाने साधी गोष्ट वर्षभर केली नाही त्याच्यापुढे आकडा ठेवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. शौचालयं मोजता येतात, सद्हेतू मोजता येत नाही. अपील न्यायालयाने 1974 मध्ये मूळ हक्क मान्य केला. पण खटला संपला 2003 मध्ये, दुसऱ्या न्यायाधीशाच्या हातून. आयुक्त बदलतात, गव्हर्नर बदलतात, विधिमंडळ पैसे कापतं, शिकलेला कर्मचारी निघून जातो, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुनावणी. मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकांवरची वर्षानुवर्षांची देखरेख ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल.

1976 मध्ये तुरुंगांबाबत त्यांनी हीच पद्धत वापरली. फाउंटन तुरुंग 632 कैद्यांसाठी बांधलेला, आत 1,100 हून जास्त. ड्रेपर तुरुंगात शिक्षेच्या कोठड्यांना ‘कुत्र्याचं घर’ म्हणत: चार बाय आठ फूट, खिडकी नाही, दिवा नाही, शौचाला जमिनीत एक भोक, आणि त्यात कधी सहा सहा माणसं. हुकुमात दर कैद्याला निदान 60 चौरस फुटांची कोठडी आली. इथे मात्र ते एक पाऊल जास्त टाकून बसले: देखरेखीसाठी त्यांनी 39 नागरिकांची समिती नेमली. अपील न्यायालयाने ती रद्द केली.

प्रश्न : इतके शत्रू करूनही ते पदावर कसे टिकले? धोका नव्हता का? (कोल्हापूर)

पद आजन्म असतं आणि पगार कमी करता येत नाही, हे घटनेच्या तिसऱ्या कलमातच आहे. काढायचं तर प्रतिनिधी सभागृहाने महाभियोग आणायचा आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. आजवर असे फक्त आठ न्यायाधीश काढले गेले. न पटणारा निकाल हे कारण चालत नाही. निवृत्तीचं वयही नाही. 65 वर्षं वय आणि 15 वर्षं सेवा झाली की पूर्ण पगारावर ‘सीनियर’ दर्जा घेऊन कमी काम करता येतं. आपल्याकडे उच्च न्यायालयात 62 ला थांबावं लागतं.

धोका खराच होता. अंगणात क्रॉस जाळला गेला. एप्रिल 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला, आई बचावल्या. अनेक वर्षं घराभोवती फेडरल मार्शलचा पहारा होता. जुने मित्र तुटले. कायद्याने पगार आणि पद राखलं, शेजार राखणं कायद्याच्या हाती नव्हतं.

प्रश्न : त्यांचं काही चुकलंच नाही का? (बेळगाव)

चुकलं. 1957 मध्ये टस्कीगीची हद्द चौकोनातून 28 बाजूंच्या आकृतीत बदलली गेली आणि सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर पडले. जॉन्सन यांनी दावा फेटाळला: हद्द आखणं राज्याचं काम. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये तो निकाल फिरवला. उलटही झालं. 1972 मध्ये हवाई दलातल्या शॅरन फ्रॉन्टिएरो यांनी पतीसाठी तोच भत्ता मागितला जो पुरुषांना पत्नीसाठी मिळे. खंडपीठाने दोन विरुद्ध एक मताने ती मागणी नाकारली, पण त्यात वेगळं मत जॉन्सन यांचं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्यांचीच बाजू उचलली. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जॉर्जियाच्या कायद्याविरुद्धचा 1985 चा अपील न्यायालयाचा निकालही, पुढे तिथे न्यायाधीश झाल्यावर, त्यांनीच लिहिला. तो वर 5 विरुद्ध 4 ने उलटला आणि 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलं ते मत मागे घेतलं.

प्रश्न : हे निकाल मुळातून वाचायचे असतील तर? (डोंबिवली, कायद्याची विद्यार्थिनी)

निकालांवर कॉपीराइट नाही, ते मोफत मिळतात. संदर्भ वाचायची रीत सोपी आहे. ‘344 एफ. सप. 373’ म्हणजे फेडरल सप्लिमेंट या मालेचा 344 वा खंड, पान 373. हा वायट खटल्यातला मापांचा हुकूम. सेल्माचा निकाल 240 व्या खंडात, पान 100 वर आहे, बसचा 142 व्या खंडात, पान 707 वर. सुरुवात सेल्मापासून करा, तो छोटा आहे. वायटचा हुकूम वाचताना मात्र मागची पुरवणी आधी काढा आणि मजकूर नंतर वाचा.